वेल्डिंग केलेला पाटा

पाटा कधीही वेल्डिंग करायचा नसतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि तो शिकायला कॉलेजात जावं लागत नाही. तरीसुद्धा आज आष्ट्यापासून कराडपर्यंत पळणाऱ्या मालगाड्या रांगेत उभ्या करून खालून बघितल्या, तर किती पाट्यांवर वेल्डिंग सापडेल याचा अंदाज करायला मला भीती वाटते. करायला गेलो की रक्त तापतं, आणि डॉक्टरांनी ते तापवू नका म्हणून सांगितलंय.

मी शौकत मुलाणी. कराडला हायवेच्या कडेला आमचं पाट्याचं दुकान होतं. अब्बांनी काढलं, मी चालवलं, रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं. आता आष्ट्याला घराच्या अंगणात पत्र्याची शेड आहे. तिथं एक भट्टी, एक ऐरण, दोन जॅक आणि मी. निवृत्त आहे असं घरचे म्हणतात. गाडीवाले तसं म्हणत नाहीत.

ज्यांना पाटा म्हणजे काय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रक, टेम्पो, पिकअप यांच्या चाकाजवळ खाली धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या असतात. पाच-सात पट्ट्या एकावर एक रचून मधे आवळलेल्या. त्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे पाटा. सगळ्यात वरचा लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून चासीला अडकवलेली असतात आणि मधोमध दोन्ही चाकं जोडणारा दांडा, म्हणजे एक्सल, बांधलेला असतो. पाटा खड्ड्याचा दणका खातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण एक्सल जागेवर धरून ठेवायचं कामही मेन पाट्याचंच असतं, हे गाडीच्या मालकालाही माहीत नसतं. मेन पाटा तुटला की त्या बाजूचं चाक मागं सरकतं, आणि मग गाडी स्टेअरिंगचं ऐकत नाही.

एवढ्या वर्षांत माझ्याकडं आलेल्या दहातल्या नऊ जणांची मागणी एकच, "अजून एक पाटा टाका." म्हणजे अजून माल भरता येतो. चासी तेवढीच, ब्रेक तेवढेच, टायर घासून गुळगुळीत, पण पाटा एक जादा पाहिजे. वाईचा एक मांडववाला होता, तो अमावास्येला गाडीला हातोडा लावू द्यायचा नाही, मात्र एक टनाच्या गाडीत दोन टन लोखंडी खांब भरायला त्याला कुठलीच तिथी आडवी येत नसे. एका पुढाऱ्याच्या पुतण्याला गाडी मागून उंच करून पाहिजे होती, दिसायला रुबाबदार म्हणून. मी त्याला म्हटलं, उंच गाडी वळणावर लवकर आडवी होते. तो म्हणाला, "चाचा, तुमी फक्त उंच करा." मी केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली.

पण सांगायची आहे ती संपतची गोष्ट.

संपत आमच्याच गल्लीच्या मागं राहतो. पंचेचाळीसच्या आसपासचा, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. त्याच्याकडं जुनी पिकअप. आष्ट्याच्या परिसरातल्या रोपवाटिकांमधून भाजीची रोपं भरायची आणि सातारा, कोरेगाव, वाईकडच्या शेतकऱ्यांना पोचवायची, हा त्याचा धंदा. रोपांचे ट्रे म्हणजे नाजूक माल. गाडी आदळली की माती सुटते, मुळं उघडी पडतात. त्यामुळं हा माणूस जन्मभर गाडी हळू चालवत आला. सुपारीचंही व्यसन नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याची पिकअप वाईच्या अलीकडं उताराच्या वळणावर उलटली. शेजारी विठ्ठलतात्या बसले होते. तात्या म्हणजे संपतच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, सत्तरीचे. त्यांची मुलगी वाईला दिली आहे, तिच्याकडं निघाले होते. संपतला खरचटलं. तात्यांचा पाय दोन ठिकाणी मोडला.

आता यात लोकांनी काय केलं ते ऐका. रस्त्यावर थांबलेल्यांपैकी निम्म्यांनी मोबाइल काढले. उलटलेली गाडी, चिखलात विखुरलेली रोपं, आणि कडेला डोकं धरून बसलेला संपत, असा व्हिडिओ. खाली कुणीतरी लिहिलं, ड्रायव्हर फुल्ल होता. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ आष्ट्यात पोचला, तात्या शुद्धीवर यायच्याही आधी. ज्या माणसानं आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही, तो दुसऱ्या दिवशी दारुड्या झाला. ज्यांना तेवढं खोटं पचलं नाही त्यांनी 'झोप लागली असणार' म्हणून तडजोड केली. विम्याकडून एक साहेब आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, चार फोटो काढले आणि चालकाचं नियंत्रण सुटलं असं लिहून गेले. खाली वाकले नाहीत. पँट इस्त्रीची होती.

संपतनं गाडी ओढून आणून घरामागं लावली आणि पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायला लागला. तात्यांच्या घराशी बोलणं बंद. चार महिन्यांनी त्याची बायको मंगल माझ्याकडं आली. तिचं म्हणणं होतं की गाडी जराशी चालती करून द्यावी, म्हणजे विकता येईल. गाडी डोळ्यांसमोर उभी असली की हे जेवत नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, आण.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी माझ्या अंगणात आली. मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली आणि खाली शिरलो. डाव्या बाजूचा मेन पाटा एक्सलच्या पुढं, वीतभर अंतरावर, दोन तुकडे झालेला. त्यात नवल नव्हतं. उलटलेल्या गाडीचा पाटा तुटायचाच, असं कुणीही म्हणेल. मी तो सोडवला आणि उन्हात नेऊन तारेच्या ब्रशनं घासला.

पोलाद तुटलं की त्याचं तोंड खडीसाखर फोडल्यासारखं दिसतं, करडं, दाणेदार. इथं तसं होतं, पण एका कडेला, जेमतेम दोन बोटं. बाकीच्या तोंडावर काळा रंग होता. रंग. तुटलेल्या लोखंडाच्या पोटात रंग कसा जाईल? रंग मारला त्या दिवशी तिथं चीर उघडी असेल तरच. वरची बाजू बघितली तर ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, आणि त्याखाली वेल्डिंगची पातळ साय. म्हणजे पाटा आधीच तडकलेला होता. कुणीतरी ती चीर वरच्या वर वेल्डिंगनं झाकली, बाजूनं उघडीच ठेवली, वरून घासून सपाट केली आणि काळा रंग मारून नवा पाटा म्हणून बसवला.

का नाही करायचं वेल्डिंग, तेही सांगतो. पाट्याच्या पोलादाला आग आणि तेल दाखवून ताव दिलेला असतो. त्या तावामुळं ते वाकतं आणि पुन्हा सरळ होतं, लाखो वेळा. वेल्डिंगच्या आचेनं त्याच जागेचा ताव जातो. मग ती जागा काचेसारखी ठिसूळ होते. उभ्या गाडीत काही कळत नाही. रिकाम्या गाडीतही कळत नाही. कळतं ते भरलेल्या गाडीत, उतारावर, वळणावर.

मी संपतला बोलावलं. तो आला, लांबच उभा राहिला. मी विचारलं की हा पाटा कधी, कुठं घातला होता. त्यानं सांगितलं की अपघाताच्या तीन महिने आधी सांगलीच्या रस्त्याला बजरंगच्या गॅरेजात नवा मेन पाटा टाकून घेतला होता. नवा. हा शब्द त्यानं सरळपणानं उच्चारला आणि माझ्या हातातला तुकडा मला जड झाला.

कारण बजरंग माझ्या दुकानात सहा वर्षं होता. पाट्याला कमान कशी द्यायची, हातोड्याचा आवाज ऐकून ताव कसा ओळखायचा, हे मी त्याला माझ्या हातानं शिकवलं होतं.

मी संपतला तोंडातला रंग दाखवला, समजावून सांगितलं. वाटलं, याच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तो वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "आवाज येत हुता, चाचा. आठ-पंधरा दिवस. करकर करकर. मला ऐकू येत हुता."

"मग काय केलंस?"

"बजरंगकडं नेली. त्यो म्हणाला पाट्याच्या टोकाचं रबरी बुश वाळलंय. ग्रीस मारलं आन् जा म्हणाला."

मला इतका राग आला की मी संपतवरच ओरडलो. आवाज ऐकून गाडी कारागिराकडं नेली, यापुढं ड्रायव्हरनं आणखी काय करायचं असतं? स्वतः भट्टी पेटवायची? त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. चार महिने गावानं ज्याला सांगितलंय की चूक तुझी, त्याला माझ्या एका दुपारच्या बोलण्यानं काय पटणार.

दुसऱ्या दिवशी पाट्याचे दोन्ही तुकडे पोत्यात घालून मी बजरंगच्या गॅरेजात गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी पोतं उघडलं. तुकडे बघितल्यावर त्यानं कामगारांना पलीकडं पाठवलं. नाकारलं नाही, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. म्हणाला की त्या दिवशी नवा पाटा मिळत नव्हता आणि संपतला दुसऱ्या दिवशी रोपं भरायची होती.

मी म्हटलं, "मग त्याला सांगायचंस, वेल्डिंग केलंय म्हणून."

"सांगितलं असतं तर त्यानं गाडी न्हेली असती का?"

"नसती नेली. त्यासाठीच सांगायचं असतं."

मग मी त्याला फक्त एक गोष्ट करायला सांगितली. तात्यांच्या दारात यायचं आणि त्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं, सांगायचं की चूक संपतची नव्हती. तो म्हणाला की संपतची गाडी फुकट करून देतो, चारी बाजूंचे पाटे नवे टाकतो, पण तेवढं सांगायला लावू नका, गॅरेज बंद पडेल. मी म्हटलं, तुझा पाटा मी आता सायकललासुद्धा लावणार नाही.

मी उठलो, तेव्हा तो मागून म्हणाला, "चाचा, मी हे कुठं शिकलो? तुमच्याच दुकानात बघितलंय."

मी मागं वळून त्याला विचारलं नाही, कधी. कारण मला आठवलं.

उसाचा हंगाम होता. ट्रक भरून आलेला, कारखान्यावर नंबर लागलेला, आणि मेन पाट्याला चीर. ड्रायव्हर हातापाया पडत होता की आज नंबर गेला तर तीन दिवस उन्हात ऊस वाळेल. नवा पाटा दुकानात नव्हता. मी वेल्डिंग केलं. एवढं खरं की त्याला सांगितलं, फक्त कारखान्यापर्यंत जा, रिकामा होऊन उद्या सकाळी ये, पाटा बदलू. तो हो म्हणाला. आला नाही. मी एक दिवस वाट बघितली, दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं. तो ट्रक कुणाचा, पुढं त्याचं काय झालं, मला आजही माहीत नाही, कारण मी शोधलं नाही. आणि बजरंग त्या वेळी भात्याजवळ उभा होता. अब्बांनी मला दिलेला तो पहिला धडा मी त्याला शंभर वेळा तोंडानं सांगितला असेल. त्यानं लक्षात ठेवलं ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं.

घरी येईपर्यंत माझा राग बजरंगवर किती आणि माझ्यावर किती, याची वाटणी मला करता आली नाही. एक मात्र ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

आमच्या इथं सकाळी दूध घालायला सगळी गल्ली डेअरीवर येते. तात्याही काठी टेकत येतात. मी पोतं घेऊन तिथं गेलो. कट्ट्यावर दोन्ही तुकडे ठेवले आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. बजरंगचं नाव घेतलं. उसाच्या ट्रकचंही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगायचा मला हक्क नव्हता. ज्याच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ गल्लीत फिरला होता तो आमचा पानपट्टीवाला तिथंच होता. मी त्याला म्हटलं, याचाही फोटो काढ. त्यानं काढला नाही. काहीजण पुढं येऊन तोंडातला रंग बघून गेले. एकानं विचारलं की पण ह्यो आवाज आल्यावर थांबला का न्हाई. अशी माणसं कुठंही असतात. तात्यांनी तुकडा हातात घेतला, अंगठा फिरवला, खाली ठेवला आणि दुधाची किटली उचलून निघून गेले.

मी गाडीचं काम सुरू केलं. आणि मंगलला सांगितलं की जराशी चालती करायची नाही, नीट करायची, विका नाहीतर ठेवा. संपत मजुरी सोडून माझ्या हाताखाली यायला लागला. चारी बाजूंचे पाटे खोलले, एकेक पट्टी घासली, हातोड्यानं वाजवून बघितली. चांगल्या पाट्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबतो, तडकलेल्याचा फुटक्या घागरीसारखा बसतो. ज्यांची कमान बसली होती त्यांना भट्टीत घालून पुन्हा कमान दिली, ताव दिला. मेन पाटे दोन्ही बाजूंचे नवे. रबरी बुश, आवळायचे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बर सगळे नवे. शिवाय मागं वरच्या अंगाला एक आखूड पाटा असा बसवला की गाडी रिकामी किंवा हलकी असताना तो कशालाच टेकत नाही, भार आला की मगच टेकतो. त्यामुळं रोपांना गाडी मऊ राहते. सुधारणा म्हणायची तर ती एवढीच. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जादा भरण्यासाठी नाही, हळुवार नेण्यासाठी पाटा बसवत होता, आणि तो बसवायला मला सदुसष्ट वर्षं लागली.

एका दुपारी आम्ही बोल्ट आवळत असताना तात्या अंगणात आले. ऐरणीजवळच्या ठोकळ्यावर बसले. पाणी प्यायले. संपत गाडीखाली होता, तो खालीच थांबला. तात्या त्याच्या पायांकडं बघून बोलले.

"तू ब्रेक दाबलेला मी बघितला हुता. दोन्ही पायांनी दाबत हुतास. जागा हुतास तू."

तात्यांनी काठीनं आपल्या मोडलेल्या पायाकडं दाखवलं.

"मला राग हुता पायाचा. लोक बोलत हुते, मी गप बसलो. मी एक शब्द टाकला असता तर थांबले असते."

एवढं बोलून ते काठी टेकत गेले. मी भट्टीकडं गेलो. मला तात्यांचाही राग आला होता, खरं सांगतो. चार महिने एका भिंतीपलीकडं एक माणूस वाळत होता आणि यांच्याकडं एक वाक्य होतं. पण मोडक्या पायाच्या माणसाला काय बोलायचं, आणि मी तरी कोणत्या तोंडानं.

गाडी झाली. पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. कराडपर्यंत गेलो, परत आलो. पहिल्या वळणावर संपतनं गाडी जवळजवळ थांबवलीच, परतीच्या वळणावर नाही. मंगलनं गाडी विकली नाही. तो पुन्हा रोपं नेतो. तात्या अजून त्या गाडीत बसलेले नाहीत, आणि बसतील असं मला वाटत नाही. दोघं बोलतात, तेवढं झालं.

महिन्याभरानं बजरंग माझ्याकडं आला. त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं, तोंड उतरलं होतं. मला वाटलं भांडायला आला. त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर चार गाड्या लिहिल्या होत्या.

"ह्या चारींचे पाटे मी असेच केलेत," म्हणाला. "संपतची बघितल्यापासनं झोप न्हाई."

आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवरून निघालो. पहिली गाडी दुधाची, तिच्या मालकानं आम्हाला शिव्या दिल्या आणि मग पाटा बदलू दिला. दुसरी शेतमजूर बायकांना खुरपणीला नेणारी. तिचा पाटा खोलला तेव्हा वेल्डिंग अर्ध्यापर्यंत उकललं होतं. त्या सकाळी त्या गाडीतून चौदा बायका उतरल्या होत्या. बजरंग तिथंच रस्त्याच्या कडेला बसला. मी त्याला उठ म्हटलं नाही. तिसरी कराडला सापडली, तीही झाली.

चौथी सापडली नाही. मालकानं ती दिवाळीच्या आधीच विकली होती, घेणाऱ्यानं पुढं जतकडच्या एका दलालाला दिली, आणि तिथून ती कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. आम्ही दोनदा जाऊन आलो. दलालाच्या कागदावर घेणारा म्हणून ज्याचं नाव होतं, त्यानं ती गाडी कधी बघितलीच नव्हती.

म्हणून हे लिहिलं. मला लेख लिहायची हौस नाही. गाडी पांढरी पिकअप आहे, दोन्ही अंगांना निळा पट्टा, मागच्या फळीवर उजवीकडं झुकलेलं सूर्यफूल रंगवलेलं. कदाचित आता रंग बदलला असेल. जुनी पिकअप कुणी विकत घेतली असेल, या जिल्ह्यात किंवा सीमेपलीकडं, तर मागच्या उजव्या बाजूचा मेन पाटा एक्सलच्या जरा पुढं ब्रशनं घासून बघा. काळ्या रंगाखाली ग्राइंडरच्या रेघा दिसल्या तर गाडी तिथंच उभी करा. भरलेली असली तरी उभी करा. माल कुणाचाही असू दे, नंबर कुठलाही लागलेला असू दे. मला कळवायची गरज नाही. पाटा बदला.